एकाच वेलीवरील निराळी काडी

सांगली जिल्ह्यांतील तासगांवच्या द्राक्षबागांत 'थॉमसन सीडलेस' या जातीनें फार पूर्वीं बस्तान बसविलें. या द्राक्षास बी नाहीं. म्हणून लागवड काडीपासूनच करावी लागते. अर्थात् साऱ्या थॉमसन वेली म्हणजे एकाच मूळ वेलीचा विस्तार होय. असें असतां तासगांव तालुक्यांतील बोरगांवचे बागाईतदार वसंतराव आर्वे यांना याच वेलींतून निराळ्या गुणांची द्राक्षें लाभलीं; तीं 'तास-ए-गणेश' या नांवानें गाजलीं. सोलापूरजवळील नान्नज येथें नानासाहेब काळे यांनीं थॉमसनपासूनच लांबट मण्यांची 'सोनाका' निवडली. बीं नाहीं, संकर नाहीं. मग नवी जात आली कोठून?

याचें उत्तर पेशींत आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रांत डीएनए नांवाची दुपेडी साखळी असते. तीवर चार रासायनिक अक्षरांत त्या जीवाचा सारा वारसा लिहिलेला असतो. या लेखास नित्य इजा होते. मनुष्याच्या एकेका पेशींत ती दिवसाकाठीं हजारों ठिकाणीं होते. उन्हांतील अतिनील किरण शेजारचीं दोन अक्षरें एकमेकांस चिकटवून टाकतात. दिवसभर उन्हांत उभ्या असलेल्या वेलीनें काय करावें? तिच्यापाशीं एक विकर आहे. ज्या सूर्यानें इजा केली, त्याच्याच निळ्या प्रकाशाच्या बळावर तें चिकटलेलीं अक्षरें सोडवितें. मनुष्यास ही सोय नाहीं. त्याची पेशी बिघडलेला तुकडा कापून काढते आणि समोरच्या पेडावरून वाचून रिकामी जागा भरते. दुरुस्तीच्या या निरनिराळ्या रीती उलगडल्याबद्दल लिंडाल, मॉड्रिच आणि सांजार यांस 2015 सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

दोन्ही पेड एकदम तुटले, तर मात्र पंचाईत होते. समोर नमुनाच उरत नाहीं. मग पेशी पुष्कळदां तुटलीं टोकें कशींबशीं जोडते आणि त्यांत कांहीं अक्षरें गळतात.

संकटकाळीं चुका वाढतात. जंतूंमध्यें इजा अनावर झाली कीं धसमुसळीं विकरें पुढें सरसावतात. नक्कल अडत नाहीं, पण ती अशुद्ध उतरते. वनस्पतींत तर डीएनएचे कांहीं तुकडे जागा बदलतात आणि पेशीवर आघात झाला म्हणजे ते जागे होऊं शकतात. मक्यांतील असे तुकडे शोधणाऱ्या बार्बारा मॅक्लिंटॉक यांस 1983 सालीं नोबेल मिळालें. काळ्या द्राक्षापासून पांढरें द्राक्ष होण्यांतहि अशाच तुकड्याचा हात आहे.

मात्र पाण्याची ओढ बसली म्हणून वेलीनें अवर्षणास टिकणारी काडी मुद्दाम काढली, असें कोणी सांगूं लागल्यास तें मानूं नये. बदल आंधळा असतो. बहुतेक बदल कोणाच्या ध्यानांतहि येत नाहींत. कांहीं घातक ठरतात, आणि मनुष्याच्या कातडींत तसेच बदल सांचत गेले कीं कर्करोग उद्भवतो. डोळस असते ती बागाईतदाराची निवड.

तींतहि घाई चालत नाहीं. वेलीच्या वाढत्या शेंड्यांत पेशींचे थर असतात आणि बदल बहुधा एकाच थरांत असतो. त्यामुळें नवा गुण पुढें नाहींसा होण्याचाहि संभव असतो. म्हणून जाणता बागाईतदार त्या काडीस खूण करतो, छाटणीच्या वेळीं ती जपतो, खुंटावर कलम बांधतो आणि कांहीं हंगाम घड पाहूनच दुसऱ्यास काडी देतो.