पोटाचे आरोग्य : ताट, हात आणि पाणवठा

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण मराठी माणूस बहुधा थट्टेने वापरतो. परंतु आरोग्याच्या दृष्टीने पाहिल्यास तिच्यात मोठे तथ्य आहे. पोट बिघडले की शेतावरचा रोज बुडतो, मूल शाळेला मुकते आणि घराचा हिशेब विस्कटतो. लहान बालकाच्या बाबतीत तर एका रात्रीच्या जुलाबानेही जिवावर बेतू शकते. पोटाची निगा हा जितका एका घराचा, तितकाच साऱ्या गावाचा प्रश्न आहे.

अलीकडे या विषयाकडे लोकांचे लक्ष वेधले गेले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र त्याबरोबरच 'पोट साफ ठेवणारी' चूर्णे, महागड्या भुकट्या, गोळ्या आणि पेये यांनी तालुक्याच्या गावातील दुकानेही भरून गेली आहेत. मोलमजुरी करणारी कुटुंबेही अशा डब्यांवर कष्टाचा पैसा खर्च करतात आणि डाळ, भाजी, दूध यांच्या खर्चाला कात्री लावतात. पोटासाठी खरोखर काय आवश्यक आहे, काय घरातच उपलब्ध आहे आणि कोणते पूरक केव्हा घ्यावे, हे नीट समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आतड्यातील वसाहत

प्रौढ माणसाचे लहान आतडे सुमारे ६ मीटर आणि मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. अन्नातील पोषक द्रव्ये मुख्यतः लहान आतड्यात रक्तात शोषली जातात. जे पचत नाही ते पुढे मोठ्या आतड्यात जाते आणि तेथे सूक्ष्म जीवजंतूंची एक प्रचंड वसाहत त्याची वाट पाहत असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अंदाजानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. त्यांतील बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात राहतात, आणि तरीही त्यांचे एकूण वजन पाव किलोसुद्धा भरत नाही.

जंतू म्हटले की रोग, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु यांतील बहुसंख्य जंतू निरुपद्रवी किंवा उपकारक आहेत. अन्नातील न पचलेला चोथा आंबवून ते काही आम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे पोषण बऱ्याच अंशी या आम्लांवर होते. काही जीवनसत्त्वेही हे जंतू तयार करतात. शिवाय बाहेरून येणाऱ्या उपद्रवी जंतूंना ते सहजासहजी पाय रोवू देत नाहीत.

या वसाहतीची सुरुवात जन्मापासूनच होते. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात, की ज्या बाळाला स्वतःला पचत नाहीत, पण बाळाच्या आतड्यातील उपकारक जंतूंचे खाद्य ठरतात. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणी, मध किंवा घुटी देऊ नये, या सल्ल्यामागे हेही एक कारण आहे.

चोथ्याचे महत्त्व

आतड्यातील उपकारक जंतूंचे मुख्य खाद्य म्हणजे धान्य, कडधान्ये, भाज्या आणि फळे यांतील तंतुमय पदार्थ, म्हणजेच चोथा. प्रौढ व्यक्तीने दररोज किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ नैसर्गिक अन्नातून घ्यावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली केली आहे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तर बाजरी, नाचणी आणि गव्हाची कणीक यांत सुमारे ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. उलट तेवढ्याच सडलेल्या पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात ते ३ ग्रॅमही भरत नाहीत. १०० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून दिवसाच्या गरजेचा दोन-पंचमांश वाटा मिळतो. तिच्या जोडीला मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी, काकडी किंवा मुळा आणि एखादे पेरू वा केळे असले, की उरलेली गरज भागणे अवघड नाही.

याच संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या २,००० कॅलरींच्या आहारात सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी व कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत. आपल्या अनेक घरांतील ताटात धान्य पुरेसे, परंतु भाजी मात्र नावापुरतीच असते. परसबागेतील शेवगा, भोपळा, वाल आणि चार आळी पालेभाजी ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढू शकतात.

चोथा वाढवावयाचा तो हळूहळू वाढवावा. एकदम वाढविल्यास पोट फुगते आणि वात धरतो. त्याबरोबर पाणीही पुरेसे प्यावे, अन्यथा मलावरोध कमी होण्याऐवजी वाढण्याचा संभव असतो.

दही, ताक आणि आंबील

रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉव्ह यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आंबविलेल्या दुधातील जंतू आतड्याला हितकारक असतात, हा विचार त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला. जेवणाच्या शेवटी ताक घेणाऱ्या समाजाला तो नवा वाटू नये. घरचे दही आणि ताक यांतून प्रथिने व चुना मिळतो, आंबविण्याच्या क्रियेत दुधातील शर्करा काही प्रमाणात कमी होत असल्याने दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही सोसते, आणि उपकारक प्रकारचे जंतूही पोटात जातात. नाचणीची आंबील, इडली-डोसा यांचे पीठ यांतही आंबविण्याची क्रिया होते. मात्र इडली-डोशाचे पीठ आपण शिजवूनच खातो आणि आंबीलही बहुधा शिजविली जाते. उष्णतेने त्यांतील जंतू मरतात. हे पदार्थ पचण्यास सोपे व पौष्टिक ठरतात, ते अन्य कारणांनी.

दही हे औषध नव्हे, हेही ध्यानात ठेवावयास हवे. घरोघरच्या विरजणात कोणते जंतू किती आहेत, हे निश्चित नसते. रोजच्या आहाराचा भाग म्हणून त्याचे स्थान मोठे आहे आणि ते तेवढेच मानावे.

नियमित दिनक्रम

आतड्याला वेळेची सवय असते. जेवणानंतर, विशेषतः सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर, मोठ्या आतड्याची हालचाल स्वाभाविकपणे वाढते. त्या वेळी शौचाची भावना दाबून ठेवल्यास मलावरोधाची सवय जडते. शाळेतील स्वच्छतागृह अस्वच्छ किंवा बिनपाण्याचे असल्यामुळे अनेक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, हा अनुभव शिक्षिकांना नवा नाही. शाळेच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती हादेखील या अर्थाने पोटाच्या आरोग्याचाच कार्यक्रम होय.

सावकाश चावून जेवणे, रोज चालणे किंवा अंगमेहनत करणे, पुरेशी झोप घेणे आणि तंबाखू व मद्य यांपासून दूर राहणे या सवयी साध्या दिसतात. त्यांना पर्याय ठरेल अशी गोळी मात्र उपलब्ध नाही. त्याचप्रमाणे सर्दी-पडशाला स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेण्याची सवयही सोडली पाहिजे. ही औषधे रोगजंतूंबरोबर आतड्यातील उपकारक जंतूंचाही नाश करतात.

पाणी, हात आणि जंत

ताट कितीही सकस असले, तरी त्याबरोबर दूषित पाणी पोटात गेले तर सर्व व्यर्थ ठरते. पटकी, विषमज्वर, आमांश आणि काही प्रकारची कावीळ हे रोग माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, हातावर व अन्नात आणि तेथून दुसऱ्याच्या तोंडात जातात. वारंवार जुलाब होणाऱ्या बालकाच्या आतड्याचे अस्तर झिजते. मग त्याला अन्न दिले तरी ते अंगी लागत नाही.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल पावडर टाकतो आणि अर्ध्या तासानंतर ओटी चाचणी घेतो. पाण्याला येणारा पिवळा रंग हा त्यात क्लोरीन शिल्लक असल्याची खूण असतो. ही पावडर ओलावा व ऊन लागल्यास निकामी होते, म्हणून ती कोरड्या, बंद जागी ठेवावी. पाणवठ्यांच्या सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीस लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड म्हणजे साथीचा धोका मोठा. त्याची चर्चा ग्रामसभेत व्हावयास हवी, ते कपाटात पडून राहता कामा नये. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, पाणी ओगराळ्याने काढणे, शंका असल्यास उकळून पिणे, ही त्यापुढची घराघराची जबाबदारी आहे.

जंतांचा उपद्रवही असाच मातीतून आणि हातांतून होतो. अंकुशकृमी अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरतात व आतड्यात रक्त शोषतात. परिणामी मूल फिकट, मरगळलेले दिसते. यासाठी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा कार्यक्रम राबविला जातो. पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळा व अंगणवाडीत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिली जाते. १ ते २ वर्षांच्या बालकास अर्धी गोळी चुरून देतात. त्या दिवशी आजारी असलेल्या मुलास गोळी न देता नंतरच्या फेरीत द्यावी. गोळी मुलांच्या हाती देऊन घरी न पाठविता, शिक्षकांसमोर चावून खाण्यास सांगावी.

पूरके : कोणती आणि केव्हा

पोटाच्या विकारांत ज्यांचा उपयोग निर्विवाद सिद्ध झाला आहे, अशी पूरके थोडी आहेत आणि ती स्वस्त आहेत. त्यांत पहिला मान जलसंजीवनीचा, म्हणजे ओआरएसचा. १९७१ साली बांगला देशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे द्रावण अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते रुग्णांना पाजविण्याचे काम नातेवाइकांवर सोपविले. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

ओआरएसचे मोठे पाकीट १ लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावे आणि ते द्रावण २४ तासांत संपवावे. पाकीट नसल्यास १ लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. जुलाब होत असता पाणी व दूध तोडण्याची जुनी समजूत बालकाच्या जिवावर उठते. अंगावरचे दूध आणि नेहमीचे अन्न चालूच ठेवावे.

दुसरे पूरक म्हणजे जस्ताची, अर्थात झिंकची गोळी. सहा महिन्यांवरील बालकास २० मिलिग्रॅम, तर दोन ते सहा महिन्यांच्या बालकास १० मिलिग्रॅम याप्रमाणे ती रोज, सलग १४ दिवस द्यावयाची असते. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी गोळ्या पूर्ण करणे आवश्यक आहे. त्यामुळे आजार लवकर आटोक्यात येतो व पुढील काही महिने पुन्हा जुलाब होण्याचा संभव कमी होतो. ओआरएस व झिंक आशा कार्यकर्तीकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात.

मलावरोधावर इसबगोलाचा भुसा उपयुक्त आहे. तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा.

उपकारक जंतूंची पूरके, ज्यांना प्रोबायोटिक म्हणतात, त्यांच्याविषयी मात्र विवेक हवा. ओडिशाच्या ग्रामीण भागात ४,५०० हून अधिक नवजात बालकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. एका विशिष्ट जंतूचे, त्याच्या खाद्यासह सात दिवस दिलेले मिश्रण घेणाऱ्या बालकांत रक्तदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. हे यश मोठे आहे. पण ते त्या एका जंतूचे, त्या मात्रेचे आणि त्या वयाचे आहे. त्यावरून दुकानातील प्रत्येक डबा गुणकारी ठरत नाही. निरोगी माणसाला अशा पूरकाची सहसा गरज नसते. रुग्णाने ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. २०१६ च्या नियमांनुसार आरोग्यपूरकांच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना असते. ती वाचण्याची सवय लावून घ्यावी.

शौचावाटे रक्त जाणे, मल डांबरासारखा काळा होणे, कारणाविना वजन घटणे, शौचाच्या सवयीत बदल होऊन तो आठवड्यामागून आठवडे टिकणे, किंवा बालकाचे डोळे खोल जाणे, लघवी थांबणे व त्याला पाणी पिता न येणे, ही लक्षणे दिसताच घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठावा.

सर्वांचा वाटा

या कामात प्रत्येकाचा वाटा ठरलेला आहे. शाळेने मधल्या सुटीत हात धुण्यासाठी पाणी व साबण द्यावा आणि मुलांना ओआरएस करण्यास शिकवावे. पंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वी गळक्या नळवाहिन्या, विहिरींचे कठडे आणि टीसीएलचा साठा स्वतः पाहावा. अधिकाऱ्यांनी ओआरएस, झिंक व जंतनाशक गोळ्या शेवटच्या पाड्यापर्यंत वेळेवर पोहोचतात की नाही, याची खातरजमा करावी. आणि घराने ताटातील भाकरी, उसळ, भाजी व ताक यांचा मान राखावा. एवढे झाले, तर गावातील बालके पावसाळ्यातही शाळेत दिसतील आणि डब्यांवर जाणारा पैसा दूध-भाजीकडे वळेल.