अंगणातली भट्टी आणि घरातली ऊब

बाहेर वैशाखाचे ऊन रणरणत असताना मी आपल्याला बर्फाच्या मुलखात नेणार आहे. उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांत हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली वीस अंश सेंटिग्रेडच्याही खाली जाणे नवलाचे नाही. आपल्यापैकी काहींची मुलेबाळे आज तिकडे आहेत, त्यांना हे सांगायला नको.

तिथल्या खेड्यांत, ज्यांच्याजवळ रानातले लाकूड मुबलक आहे असे लोक घरापासून शंभरेक फुटांवर एक भट्टी उभारतात. आपल्या न्हाणीघरातल्या बंबाचा तो थोराड भाऊ समजावा. मध्ये जाळ आणि भोवती पाणी. ते सुमारे ऐंशी अंशांपर्यंत तापले की पंप ते एका नळाने घरात ढकलतो. तेथे उष्णता देऊन निवालेले पाणी दुसऱ्या नळाने भट्टीकडे परतते. राख, ठिणगी, आगीचे भय, सगळे घराबाहेर राहते. धूर मात्र शेजाऱ्याकडे जातो. त्याच्या तक्रारी वाढत गेल्या आणि २०१५ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा नव्या भट्ट्यांच्या धुरावर मर्यादा घातली.

भट्टी विकत घेताना माणूस दहा ठिकाणी चौकशी करतो. जमिनीखालचे नळ मात्र स्वस्तात स्वस्त आणतो; पुरल्यावर ते कोण पाहणार? चूक होते ती इथेच.

जरा हिशेब करू. मिनिटाला चाळीस लिटर पाणी वाहते आहे आणि वाटेत ते एकच अंश निवते आहे असे धरा. म्हणजे मिनिटाला चाळीस किलोकॅलरी उष्णता मातीला दान गेली. दिवसाला सत्तावन्न हजार सहाशे. एक किलो वाळक्या लाकडात साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. त्यांतली निम्मीच पाण्याला मिळते असे मानले, तर त्या एका अंशापायी रोज तेहतीस किलो लाकूड जळते आणि सहा महिन्यांच्या हिवाळ्यात जवळजवळ सहा टन! ते तोडायचे, फाडायचे, वाळवायचे आणि पहाटे भट्टीत घालायचे, तेही त्याच माणसाने. चांगल्या नळातून शंभर फुटांत अर्धा अंशही जात नाही. वाईटातून कित्येक अंश जातात.

या दोहोंत फरक कशाचा? आपल्याकडे बर्फाची लादी लाकडाच्या भुशात ठेवीत. राखण खरी भुसा करीत नाही. भुशात अडकून पडलेली हवा करते. हवा उष्णतेची मोठी दुर्वाहक आहे, मात्र ती स्थिर आणि कोरडी हवी. पाणी तिच्यापेक्षा वीस पटींहून अधिक उष्णता वाहून नेते. म्हणून पुरलेल्या नळाचा खरा वैरी थंडी नव्हे, ओल आहे.

स्वस्त प्रकारात दोन्ही नळांना चंदेरी बुडबुड्यांचे वेष्टन गुंडाळून ते एका पन्हळी नळीत सरकवलेले असतात. चकाकी उष्णता परतवते हे खरे, पण तिच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. इथे थर एकमेकांवर दाबलेले असतात. शिवाय जाणारा आणि येणारा नळ अंगाला अंग लावून बसल्याने तापलेले पाणी परतणाऱ्याला वाटेतच ऊब देऊन टाकते. आणि बाहेरच्या नळीला एक भेग पडली, किंवा तोंडाशी फट राहिली, की आत भूजल शिरते. मग नळ उकिरड्याच्या खड्ड्यात टाकला काय आणि वेष्टनात टाकला काय, सारखेच. अशा घरी बर्फ पडल्यावर अंगणभर पांढरे असताना भट्टीपासून भिंतीपर्यंत एक ओला हिरवा पट्टा उघडा दिसतो. लाकूड कुठे गेले ते गवत सांगते!

चांगल्या प्रकारात नळांभोवती पॉलियुरेथेनचा फेस चिकटून भरलेला असतो. त्यातले कण बंद तोंडाचे असल्याने पाणी शिरले तरी पसरत नाही. वर जाड प्लॅस्टिकचे कवच. किंमत पुष्कळ जास्त, पण वरचा हिशेब ज्याने केला तो कुरकुर करीत नाही.

चर किती खोल खणावा? उत्तर मिनेसोटात घराचा पाया पाच फूट खोल नेण्याचा नियम आहे, दक्षिणेत साडेतीन. माती तेवढी गोठू शकते म्हणून. गरम पाणी वाहते असेल तोवर उथळ नळही गोठत नाही. पण वादळात वीज गेली आणि पंप थांबला तर? म्हणून खोली हवी, किंवा पाण्यात न गोठणारे ग्लायकॉल हवे. मात्र फार खोल गेले की भूजल लागते, म्हणून मी म्हणेन, फूटभर खोलीपेक्षा पाण्याच्या निचऱ्याकडे अधिक पाहावे. तळाशी वाळू, चराला उतार, जमिनीखाली एकही सांधा नाही, दोन्ही तोंडे घट्ट बंद. माती लोटण्यापूर्वी नळात दाब भरून रात्रभर ठेवावा.

ज्यांचे नळ आधीच पुरलेले आहेत त्यांनी एक तापमापक भट्टीपाशी, दुसरा घराच्या भिंतीशी, दोन्ही जाणाऱ्या नळावर बांधावेत आणि कडाक्याच्या रात्री दोन्ही वाचावेत. फरक एक-दोन अंशांहून अधिक निघाला, तर बर्फ वितळताच कुदळ हातात घ्यावी.