हुंडणावळ ते बँक शुल्क : वहीतील लहान ओळी

दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी जुन्या वह्या बाहेर काढून पुसून ठेवण्याची आमच्या घरी प्रथा आहे. लक्ष्मीपुरीतील आमच्या दुकानाची, आजोबांच्या हातची एक वही अद्याप जपलेली आहे. तिच्यात मालाच्या किमतीखाली हमाली, तोलाई, आडत आणि हुंडणावळ या रकमा निरनिराळ्या मांडलेल्या आहेत. आमच्या आजच्या संगणकीय खात्यात मात्र वर्षभराच्या साऱ्या कपाती ‘बँक चार्जेस’ या एकाच नावाखाली जातात. त्या कोणी मोजत नाही आणि कशासाठी गेल्या, हेही कोणी विचारत नाही.

पूर्वी परगावी रक्कम पोचवावयाची तर पेढीवरून हुंडी घेत. दर्शनी हुंडी दाखवताच वटे, मुदती हुंडी ठरलेल्या दिवशी. त्यासाठी पेढी घेई ती हुंडणावळ. पुढे व्यापाऱ्यांच्या गरजेतून बँका उभ्या राहिल्या. कोल्हापुरात १९४३ साली स्थापन झालेली रत्नाकर बँक, म्हणजे आजची आरबीएल, कोल्हापूर-सांगली पट्ट्यातील लहान व्यापाऱ्यांच्या व्यवहारावरच वाढली. सेवेचा मोबदला देण्यास व्यापाऱ्याची ना नव्हती. तो किती व कशाचा, हे मात्र त्याला ठाऊक असे.

आज हीच माहिती करून घेण्याजोगी आहे. बचत खात्यातून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीवर १ जानेवारी २०२० पासून शुल्क नाही. चालू खात्यास मात्र बँकेचे स्वतःचे दर लागू असू शकतात. दोन लाख व त्यावरील रकमेसाठी असलेली आरटीजीएस सेवा १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालते. खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराला व्यापारी शुल्क पडत नाही. परंतु क्रेडिट कार्डाचे देयक आणि गल्ल्यावरील साउंडबॉक्सचे मासिक भाडे हे खर्च वेगळे. चालू खात्यात मर्यादेपलीकडे रोख भरली, किमान शिल्लक राहिली नाही, हप्ता परत गेला, तरी कपात होते. प्रत्येक शुल्कावर १८ टक्के जीएसटी येतो, म्हणजे पाचशेचे पाचशे नव्वद होतात. बँकेकडे आपला जीएसटी क्रमांक नोंदलेला असेल, तर व्यवसायाच्या खात्यावरील या कराचे क्रेडिट नियमानुसार घेता येते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यास ते मिळत नाही.

बिलांचेही तसेच. महावितरणच्या बिलावर लवकर भरल्यास एक रक्कम, अंतिम तारखेपर्यंत दुसरी व त्यानंतर तिसरी छापलेली असते. रोखीच्या गिऱ्हाइकास वटाव देणारा व्यापारी स्वतःच्या बिलावरचा वटाव सोडतो, हे नवलच म्हणावे. दरमहाच्या बिलांना आपोआप भरणा लावून ठेवणे सोयीचे खरे. पण त्या दिवशी खात्यात रक्कम हवी.

ही शेवटची गोष्ट आम्ही गेल्या गुळाच्या हंगामात शिकलो. मार्केट यार्डातील एका अडत्याला आम्ही सकाळी धनादेश दिला. वटायला दोन दिवस लागतील, तोवर वसुली जमा होईल, हा नेहमीचा हिशेब. परंतु ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांची पद्धत बदलली आहे. ठरलेल्या वेळेत सादर झालेले धनादेश लागलीच पुढे जातात आणि देणाऱ्या बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होकार वा नकार कळवावा लागतो. आमचा धनादेश त्याच संध्याकाळी परत गेला. आम्हालाही दंड, अडत्यालाही दंड.

रक्कम आम्ही रात्रीच पाठवली, अडत्याच्या दंडासह. तरी दुसऱ्या दिवशी वडील स्वतः यार्डात गेले. अडते म्हणाले, “अण्णा, फोन केला असता तरी चाललं असतं.” वडील म्हणाले, “पैसे फोनवरून पाठवले. पण धनादेश परत गेला, तेव्हा यायलाच हवं होतं.” तीस वर्षांच्या व्यवहारात आमचा धनादेश प्रथमच परत गेला होता. कायद्याने अशा प्रकरणी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. वडिलांना मात्र पतीची काळजी अधिक होती.

तेव्हापासून आमच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बँकेचा उतारा वाचला जातो. धाकटी सून वाचते, वडील ऐकतात. न समजलेल्या कपातीवर खूण करून शाखेत लेखी विचारणा होते. एक कपात चुकीची निघाली, ती परत मिळाली. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्यासाठी लेखी विचारणेची पोच जपून ठेवावी.

येत्या वहीपूजनाला आम्ही नव्या खात्यात ‘बँक चार्जेस’ हे एकच नाव ठेवणार नाही. रोख भरणा, किमान शिल्लक, परतावा दंड, यंत्राचे भाडे अशा निरनिराळ्या ओळी लिहिणार आहोत. परतावा दंडाची ओळ वर्षभर कोरी राहावी, एवढीच वडिलांची इच्छा आहे.