शरणपूर : मुलांसाठीं वसविलेलें एक गांव

नामपुराहून मोसम नदीच्या कांठानें ताहराबाद व मुल्हेर ह्यांच्या बाजूस जाऊं लागलें म्हणजे कांदा व डाळिंब ह्यांचे सपाट मळे हळूहळू मागें पडतात आणि दोहों बाजूंचे डोंगर जवळ येऊं लागतात. पुढें उतारावर नागली व वरई ह्यांचीं लहान लहान शेतें दिसूं लागतात, आणि समोर १५६७ मीटर उंचीचा साल्हेरचा किल्ला उभा असतो. ह्या डोंगरांतील वस्त्यांमधून कोकणा व भिल्ल कुटुंबें राहतात. वर्षांतील कांहीं महिने पुष्कळ आईबाप मजुरीसाठीं खालीं उतरतात. मुलें त्यांच्याबरोबर जातात, नाहीं तर घरीं म्हाताऱ्या आजीजवळ राहतात. शाळेच्या पटावर नांव असतें, पण मूल जागेवर नसतें.

अशाच एका वस्तींत मुलांसाठीं एक घर बांधावें, तेथें त्यांना दोन घांस मिळावे, अभ्यास व्हावा व खेळावयास अंगण असावें, अशी बोलणीं आमच्या मंडळींत निघालीं. बोलणीं सुरू होतांच पहिला प्रश्न आला तो खोल्या किती असाव्या हा. दुसरा, वर पत्रा घालावा कीं स्लॅब. आणि तिसरा, कोनशिलेवर नांव कोणाचें घालावें! आम्हां शिक्षकांचें मत विचारण्यांत आलें, तेव्हां आम्हांस आपल्याच जिल्ह्यांतील एका जुन्या प्रयोगाची आठवण झाली. मिशनरी मंडळींनीं मुलांसाठीं सुमारें १७० वर्षांपूर्वीं वसविलेलें तें गांव म्हणजे नाशिकचें शरणपूर. त्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल, म्हणून ती येथें सांगतों.

लंडन येथें १७९९ मध्यें स्थापन झालेल्या चर्च मिशनरी सोसायटीनें १८३२ मध्यें नाशकांत आपलें काम सुरू केलें. पुढें रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस हे नाशकास आले. ख्रिस्ती झालेल्यांस आप्तेष्ट घराबाहेर काढीत, निराधार मुलांस कोणी थारा देत नसे. हें पाहून त्यांनीं १८५४ च्या सुमारास शहराच्या बाहेर पश्चिमेस एक वसाहत उभी केली. तीच शरणपूर. नांवाचा अर्थ उघड आहे. जुन्या करारांत संकटांतील माणसास धांव घेण्यासाठीं इस्राएल लोकांनीं राखून ठेवलेल्या सहा आश्रयनगरांचा उल्लेख आहे; तीच कल्पना ह्या साध्या मराठी शब्दांत उतरली आहे.

शरणपुराची मांडणी लक्षांत घेण्यासारखी आहे. तेथें केवळ एक मोठी इमारत बांधून तींत मुलें भरलीं असें झालें नाहीं. प्रार्थनेची जागा, शाळा, अनाथगृह, उद्योगशाळा व ख्रिस्ती कुटुंबांचीं घरें हीं सर्व एकत्र होतीं. म्हणजे अनाथ मुलाच्या आजूबाजूस रोज संसार चाललेला असे. कोणी दाणे निवडीत आहे, कोणी रंधा मारीत आहे, कोणाच्या घरीं बारसें आहे, कोणाच्या घरीं मयत झालें आहे. मूल वाढतें तें अशा चालत्या गांवांत. नुसत्या खोलींत तें वाढत नाहीं. सुतारकी, लोहारकी अशीं कामें वह्यापुस्तकांच्या जोडीला शिकविलीं जात, कारण मुलाला एक दिवस आपल्या हातांवर उभें राहावयाचें आहे हें तेथील चालकांस ठाऊक होतें.

१८६० च्या सुमारास ह्या वसाहतींत निराळ्याच मुलांची भर पडली. त्या काळीं पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबी गलबतांतून गुलामांचा व्यापार चाले. इंग्रजांचीं आरमारी जहाजें हीं गलबतें पकडीत व सोडविलेल्या मुलांस मुंबईस आणून उतरवीत. परक्या बंदरांत, भाषा न समजणाऱ्या ह्या लेंकरांचें करावयाचें काय? कांहीं मुलें मुंबईच्या मिशन शाळांकडे सोंपविण्यांत आलीं, आणि पुष्कळ मुलें नाशकास शरणपुरांतील आफ्रिकन आश्रमांत आलीं. आगगाडीनें थळघाट ओलांडला तो १८६५ मध्यें. त्यापूर्वीं जीं मुलें आलीं त्यांनीं घाटाची चढण बैलगाडीनें किंवा पायींच चढली असली पाहिजे. समुद्रावरून आलेल्या त्या मुलांनीं सह्याद्रीच्या माथ्यावर येऊन काय पाहिलें असेल, ह्याची कल्पना आमच्या विद्यार्थ्यांनीं स्वतःच करावी.

ह्या मुलांस अन्न, वस्त्र, विद्या, धंदा व प्रार्थना हीं सर्व मिळालीं. पण एक गोष्ट त्यांच्याजवळून गेली, तीही आम्ही सांगितली पाहिजे. त्यांचीं जुनीं नांवें गेलीं. चेंग्विंबे नांवाचा याओ जमातीचा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, केरस फॅरर हीं नांवें पाहिलीं म्हणजे मिशनऱ्यांचीं आडनांवें मुलांस दिलीं गेलीं हें ध्यानांत येतें. देणाऱ्यांचें मन प्रेमाचें होतें, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. आपलें नांव देणें म्हणजे आपल्या घरांत घेणेंच होय. तथापि आईनें ठेवलेलें नांव टाकून मिळालेलें घर हें अर्धेंच घर होय, असें आज आम्हांस वाटतें. नामकरण हा आमच्या धर्मांतला पवित्र संस्कार आहे, म्हणूनच ही गोष्ट आम्ही हलकी मानूं शकत नाहीं.

ह्या मुलांची खरी परीक्षा पुढें झाली. डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हे आपल्या शेवटच्या प्रवासाच्या तयारीसाठीं १८६५ मध्यें मुंबईस आले असतां त्यांनीं नाशिकचे नऊ तरुण बरोबर घेतले. मुंबईंत डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेंत असलेला चुमा हाही त्यांच्यासमवेत गेला. ह्या नाशिककर तरुणांचें काम सुरुवातीस कांहीं चांगलें झालें नाहीं. कांहीं सोडून गेले, आणि लिव्हिंग्स्टननें आपल्या रोजनिशींत त्यांच्याविषयीं कडू शब्द लिहिले. शाळेंत जें शिकविलें जातें तें सर्वच रानांत उपयोगी पडतें असें नाहीं. आम्हां शिक्षकांनीं हें नम्रतेनें कबूल केलें पाहिजे. तरी एडवर्ड गार्डनर हा शेवटपर्यंत राहिला. १८७२ मध्यें मदतीसाठीं जी तुकडी गेली, तिच्यांत जेकब वेनराइट, केरस फॅरर, मॅथ्यू वेलिंग्टन इत्यादि नाशिकचे आणखी तरुण होते.

१ मे १८७३ रोजीं आजच्या झांबिया देशांतील चितांबो ह्यांच्या गांवीं लिव्हिंग्स्टन प्रार्थनेच्या स्थितींत मृत झालेला आढळला. बरोबरच्या लोकांनीं त्यांस तेथेंच पुरून आपापल्या वाटेनें जावें, हें सोपें होतें. त्यांना दोष देणाराही कोणी नव्हता. त्यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं हृदय तेथील झाडाखालीं पुरलें. जेकब वेनराइटनें दफनविधीची प्रार्थना वाचली व झाडाच्या सालीवर मृत्युलेख कोरला. नंतर देह मीठ व ऊन ह्यांच्या साहाय्यानें टिकविला, कापडांत व सालींत गुंडाळला, आणि सुसी व चुमा ह्यांच्या पुढारपणाखालीं हजार मैलांहून अधिक वाट तुडवून १८७४ च्या फेब्रुवारींत बागामोयो बंदरास पोंचविला. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें दफन झालें, तेव्हां शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. गुलामांच्या गलबतांतून सुटलेला व नाशकास अक्षर शिकलेला हा मुलगा त्या दिवशीं त्या ठिकाणीं उभा राहिला! त्या थडग्याच्या शिळेवर विश्वासू हातांनीं देह आणल्याचा उल्लेख आहे. पण ते हात कोणाचे, त्यांचीं नांवें मात्र तेथें नाहींत.

पुढें मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांच्या खटपटीनें १८७३ मध्यें जंगबारच्या सुलतानाशीं करार होऊन तेथील गुलामांचा बाजार बंद झाला. आतां सोडविलेल्या माणसांस आफ्रिकेंतच आश्रय हवा होता. ह्या कामीं प्राइससाहेबांचीच योजना झाली व १८७५ मध्यें मोंबासाजवळ फ्रियरटाउन ही वसाहत उभी राहिली. शरणपुरांत वाढलेले शंभरांवर आफ्रिकन स्त्रीपुरुष ह्या सुमारास परत गेले व नाशिकचा आफ्रिकन आश्रम संपला. तिकडे त्यांना ‘बाँबे आफ्रिकन्स’ म्हणत. ते शिक्षक झाले, उपदेशक झाले, कारागीर झाले. त्यांपैकीं विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर ह्यांस १८८५ मध्यें पाळकपणाची दीक्षा मिळाली. जोन्स हे मोंबासाजवळच्या रबाई येथें होते. तेथें पळून आलेल्या गुलामांस थारा मिळे. १८८८ मध्यें धन्यांनीं त्यांस परत मागितलें तेव्हां मोठा पेंच पडला, व अखेरीस मोबदला भरून त्यांस मोकळें करण्यांत आलें. ज्याला एकदां शरण मिळालें, त्याच्या दारांत पुढें दुसरे शरण आले. शरणपुराचें याहून मोठें फळ आम्हांस दिसत नाहीं. मॅथ्यू वेलिंग्टन तर १९३५ पर्यंत मोंबासांत हयात होता.

हा सर्व इतिहास सांगण्याचा हेतु जुन्या मंडळींची स्तुति करणें एवढाच नाहीं. मुलांचें घर चांगलें चाललें कीं नाहीं, हें त्याच्या भिंतींवरून ठरत नसून तेथून बाहेर पडलेलें मूल पुढें कोणाच्या उपयोगीं पडतें ह्यावरून ठरतें, हें आम्हांस दाखवावयाचें आहे. आपल्या महाराष्ट्रांतील आणखी दोन उदाहरणांवरून तें अधिक स्पष्ट होईल.

पहिलें केडगांवचें. पंडिता रमाबाई ह्यांनीं १८८९ मध्यें मुंबईस शारदासदन काढलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास गेलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून त्यांनीं उपाशी मुलीबायकांस आणलें तेव्हां केडगांवच्या माळावर मुक्तिसदन उभें राहिलें. तेथें जमीन, विहिरी व फळझाडें ह्यांचा विचार आधीं झाला होता, म्हणूनच अवघड वेळीं इतक्या जिवांस थारा देतां आला. पुढें रमाबाईंनीं केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे त्याच सदनांतील स्त्रियांनीं जुळविले. आश्रय घेणारी बाई छापखाना चालवूं लागली, म्हणजे ती आश्रित राहिली नाहीं.

दुसरें उदाहरण मिशनचें नाहीं, पण त्यावांचून हा लेख अपुरा राहील. ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ मध्यें बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि १९५७ मध्यें हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. आदिवासी मूल शाळेंत येत नाहीं ह्याचें कारण काय, हें ह्या दोघींनीं शोधलें. मूल आळशी म्हणून येत नव्हतें असें नाहीं. तें गुरें राखीत होतें, धाकट्या भावंडास सांभाळीत होतें. म्हणून त्यांनीं मुलाच्या अंगणांतच वर्ग भरविला व गुरांच्या कुरणांत कुरणशाळा नेली. धाकटें भावंड अडचण न मानतां त्याच्यासाठीं पाळणाघर केलें. साधनें कोणतीं? तर चिंचोके, पानें, शिंपले, दगड. देशभर अंगणवाड्यांची सरकारी योजना १९७५ मध्यें सुरू झाली. तिच्या आधीं किती तरी वर्षें ह्या टेकडीवर अंगणवाडी चाललेली होती.

आतां आमचें उत्तर. डोंगरांतील त्या वस्तींत घर जरूर बांधावें. परंतु चार गोष्टी आधीं ठरवाव्या. पहिली पाण्याची व अन्नाची. एप्रिल-मे महिन्यांत डोंगरावर हंडाभर पाण्यासाठीं किती चालावें लागतें तें पाहून मगच जागा निवडावी. दुसरी भाषेची. तेथील लेंकरूं घरीं कोकणी किंवा भिल्ली बोलतें; त्याचे शब्द ऐकून घेणारें, शक्य तर त्याच वस्तींतलें माणूस तेथें असावें, व मुलाचें नांव त्याच्या आईनें ठेवलें असेल तेंच राहावें. तिसरी हातांच्या कामाची. गवंडी काम करीत असतां मोठ्या मुलांनीं त्याच्याजवळ उभें राहून ओळंबा धरावयास शिकावें. घर बांधणें हाच तेथला पहिला धडा होऊं शकेल. चौथी परत जाण्याची. आईबाप मजुरीहून आले म्हणजे मूल त्यांच्या झोंपडींत आनंदानें गेलें पाहिजे. ज्या घरामुळें मुलास आपल्या झोंपडीची लाज वाटूं लागते, तें घर न बांधलेलें बरें.

शरणपूर आतां नाशिक शहराच्या पोटांत आलें आहे. शरणपूर रस्त्यानें हजारों लोक रोज जातात, व बहुतेकांस हें नांव कशावरून पडलें ह्याची दाद नसते. आमच्या विद्यार्थ्यांनीं पुढच्या खेपेस त्या रस्त्यानें जातांना क्षणभर थांबून त्या आफ्रिकन मुलांची आठवण करावी. आणि कोनशिलेवर नांव कोणाचें, हा जो तिसरा प्रश्न आमच्या मंडळींत निघाला होता, त्याविषयीं आमची सूचना एवढीच कीं, एखादें नांव घालावयाचेंच असेल तर तें त्या वस्तीचें घालावें, व दाराशीं एक पाटी टांगून तिच्यावर त्या वर्षीं येणाऱ्या मुलांचीं नांवें त्यांच्याकडूनच खडूनें लिहून घ्यावीं.