मुलीसाठी कॉन्व्हेंट शाळा: ऐकीव काय, खरं काय

शाळाप्रवेशाचे फॉर्म निघाले की घरात दोन आवाज हमखास ऐकू येतात. "कॉन्व्हेंटमध्ये घातलीत तर मुलगी आपले सण विसरेल," हा एक. "कॉन्व्हेंटमध्ये गेली म्हणजे तिचं आयुष्य मार्गी लागलं," हा दुसरा. मुंबई-पुण्यातल्या सिस्टरांच्या मुलींच्या शाळांबद्दल एवढ्याच भांडवलावर निर्णय होतो आणि मुलीची दहा-बारा वर्षं त्यावर ठरतात. हे थांबायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी धर्माचं बोलू, कारण सगळ्यांत जास्त भीती तिथेच आहे. राज्यघटनेचं कलम 28(3) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची लागते. प्रत्यक्षात कॅथलिक मुलींचा कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, तास असतो तेव्हा बाकीच्या मुलींना मूल्यशिक्षण, म्हणजे जुनं मॉरल सायन्स, शिकवतात. असेंब्लीत ख्रिस्ती प्रार्थना होते, हे खरं आहे. ती खटकत असेल तर दुसरी शाळा बघावी, पण तिला धर्मांतर म्हणू नये. या शाळा राज्यात दीडशेहून अधिक वर्षं चालू आहेत, लाखो हिंदू, मुस्लिम, पारशी मुली त्यांतून शिकून गेल्या, तरीही 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातली ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्याही आत होती. शिकवणाऱ्या बाईही आज बहुतेक सिस्टर नसतात, सगळ्या धर्मांच्या असतात.

खरी कुरबुर होते ती टिकली, मेंदी आणि बांगड्यांवरून, आणि ती शाळेगणिक वेगळी असते. यावर साधा उपाय आहे. यांतल्या बऱ्याच शाळांत डायरीला 'कॅलेंडर' म्हणतात. त्यात पुढच्या पानांवर प्रार्थना आणि शाळेचं गीत, मग नियम: वेण्या किती, रिबिनीचा रंग कोणता, कानात काय चालेल, नखं, मेंदी. मागे गैरहजेरीची आणि शेऱ्यांची पानं. ओळखीच्या मुलीचं कॅलेंडर एका संध्याकाळपुरतं मागून आणा आणि आईवडील दोघांनीही वाचा. दिवाळीनंतर मेंदीचे हात घेऊन आलेल्या मुलीला काय सांगतात, हे त्या ओळखीच्या मुलीच्या आईला विचारा. शाळेचा स्वभाव माहितीपत्रकापेक्षा तिथे जास्त कळतो.

पाटीवर 'सेंट' किंवा 'कॉन्व्हेंट' लिहिलंय म्हणजे ती सिस्टरांची शाळा, असंही नाही. खाजगी संस्था ही नावं सर्रास लावतात. चालवणारी संस्था कोण, ते विचारा: जीझस अँड मेरी, कनोसियन, अपोस्टोलिक कार्मेल, डॉटर्स ऑफ द क्रॉस असा सिस्टरांचा एखादा संघ, की धर्मप्रांत, की आणखी कुणी.

'ही श्रीमंतांची शाळा' हा समज तर या संघांच्या इतिहासालाच सोडून आहे. कनोसियन संघ 1808 मध्ये व्हेरोनात आणि जीझस अँड मेरी 1818 मध्ये लिऑंला सुरू झाला, तो गरीब मुलींना शिकवायलाच. मुंबईतल्या अनेक जुन्या कॉन्व्हेंट शाळा अनुदानित आहेत, म्हणजे शिक्षकांचा पगार सरकार देतं आणि फी इंटरनॅशनल शाळांच्या जवळपासही नसते. मात्र एकाच इमारतीत अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असू शकतात. आपल्या मुलीला कोणती तुकडी मिळणार, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या. डोनेशनच्या गप्पांवर विश्वास ठेवू नका आणि कुणी मागितलं तर देऊ नका. कॅपिटेशन फीला राज्यात 1987च्या कायद्याने बंदी आहे.

शिक्षणहक्क कायद्याच्या (आरटीई) 25 टक्के जागांसाठी अर्ज करणाऱ्या पालकांची इथे फार निराशा होते. अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये प्रमती खटल्यात दिला. 2025 मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी पाठवला. 2014च्या त्या निकालामुळे आरटीई पोर्टलच्या यादीत अशी शाळा दिसली नाही तर त्यात तुमच्या अर्जाची चूक नसते. दुसरीकडे, कॅथलिक नसाल तर दार बंद, हेही खोटं. कॅथलिक मुलींना प्राधान्य असतं, पण कलम 29(2) नुसार अनुदानित शाळेला केवळ धर्मावरून कुणाला प्रवेश नाकारता येत नाही.

मराठीची काळजी करणाऱ्यांसाठी: 2020च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे आणि यांतल्या बऱ्याच जुन्या शाळा एसएससीच्याच आहेत. वसईत तर चर्चशी जोडलेल्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. मुलीला मराठी नुसतं येणं आणि ती मराठीत रमणं यातलं अंतर मात्र घरच्या पुस्तकांनीच भरून निघतं.

राहिला फक्त-मुलींच्या शाळेचा प्रश्न. तिथे मुली बुजऱ्या होतात, असं काहींना वाटतं. तिथेच त्या गणित-विज्ञानात चमकतात, असं काहींना. 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये 2014 साली 184 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात 21 देशांतले सोळा लाख विद्यार्थी होते. चांगल्या रीतीने तुलना केलेल्या अभ्यासांत फक्त मुलींच्या किंवा फक्त मुलांच्या शाळा आणि सहशिक्षणाच्या शाळा यांमध्ये फरक जवळजवळ दिसला नाही. म्हणून नुसतं 'मुलींची शाळा' पाहून निवड करू नका. प्रयोगशाळेत मुली स्वतः प्रयोग करतात की बाई करून दाखवतात, मैदान आहे का आणि त्यावर आठवी-नववीच्या मुली खेळताना दिसतात का, हे शाळेच्या वेळेत जाऊन पाहा.

पाचवी किंवा आठवीत नव्याने घालायचं असेल तर थोडा व्यवहारही पाहावा लागतो. या शाळांतला मुख्य प्रवेश केजीला किंवा पहिलीला होतो. वरच्या वर्गात कुणी दाखला काढला तरच जागा होते. तेव्हा एप्रिल-मेमध्ये कार्यालयात लेखी अर्ज देऊन ठेवा, त्याची पोच घ्या, आणि दुसऱ्या शाळेतली जागा तोवर सोडू नका.