कोरड्या डोंगरातले पाणी



उन्हाळी सुट्टीत स्वतःच्या जीपने लडाखला जाऊन तंबूत राहण्याची हौस आपल्या इंदूरातही वाढली आहे. हौस चांगलीच आहे. लोक गरम कपडे, डिझेलचा कॅन सोबत घेतात. उंचीची सवय व्हावी म्हणून लेहला आधी दोन दिवस विश्रांती घ्यावी, हेही बहुतेकांना ठाऊक असते. पाण्याची भीती मात्र कोणाला वाटत नाही. वाळवंटी डोंगरात पाणी कुठले?

लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस होतो, आपल्याकडे ९०० हून अधिक. परंतु तिथे माती धरून ठेवायला ना झाड, ना गवत. पाऊस झालाच तर पाणी चिखल आणि दगडधोंडे घेऊन उतरते. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेह परिसरात ढगफुटी झाली, दोनशेहून अधिक माणसे गेली. म्हणून कोरड्या नाल्याची सपाट, वाऱ्याच्या आडोशाची जागा तंबूला कितीही सोयीची दिसली, तरी तिथे मुक्काम करू नये. काठच्या खडकांवर वाळलेला चिखल कुठवर आहे ते पाहावे आणि त्याच्या बऱ्याच वर तंबू लावावा. डोक्यावर आकाश निरभ्र आहे, एवढ्याने भागत नाही. पाऊस मागच्या डोंगरात पडलेला असतो. जुलै २०११ मध्ये आपल्या पातालपाणीला सहलीला आलेले लोक असेच अचानक वाढलेल्या पाण्यात वाहून गेले होते.

दुसरे पाणी बर्फाचे. ते उन्हाने वितळून खाली येईपर्यंत दुपार उलटते. सकाळी घोट्याइतका असलेला ओढा संध्याकाळी गाडी ढकलून नेऊ शकतो. पांगोंगच्या वाटेवर अशा एका ओढ्याचे नावच ‘पागल नाला’ आहे! असे ओढे सकाळी लवकर ओलांडावेत. उशीर झाला तर अलीकडेच, उंचावर मुक्काम करावा. रात्रीच्या थंडीने पाणी ओसरते. अशा वेळी मुलांनी घाई केली तरी वडिलांनी करू नये. (बहुधा उलटच घडते.)

पाण्यात गाडी घालण्यापूर्वी खोली काठीने तपासावी. मग पहिल्या गियरमध्ये, एकसारख्या वेगाने, मध्ये गियर न बदलता पलीकडे जावे. गाडी पाण्यातच बंद पडली, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण हवेसारखे पाणी दाबले जात नाही. इंजिनचा दांडा मात्र वाकतो, आणि तिथून गॅरेज एक-दोन दिवसांच्या वाटेवर असते.