गोळी पोटात गेली, पुढे काय?

गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, तापाच्या दोन-तीन गोळ्या एकदम घेतल्या तर ताप लवकर नाही का उतरणार?" आज याचंच उत्तर बघू.

तापाची गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. ती पोटात विरघळून रक्तात मिसळते. रक्त लिव्हरमध्ये, म्हणजे यकृतात जातं. यकृत औषधाचं रूप बदलतं आणि मग किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. दोन-तीन तासांत रक्तातलं निम्मं औषध संपतं, पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्यातलं निम्मं. म्हणून दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर ठेवायचं.

या कामात थोडं विषही तयार होतं. ते मारायला यकृताकडे साठा असतो, पण तो मोजकाच. गोळ्या जास्त झाल्या की साठा संपतो आणि विष यकृतालाच जाळतं. पहिल्या दिवशी नुसती मळमळ होते, किंवा काहीच जाणवत नाही. खरा त्रास दोन-तीन दिवसांनी दिसतो. म्हणून गोळ्या जास्त गेल्या असं कळलं, की बरं वाटत असलं तरी लगेच दवाखाना गाठा.

धडधाकट मोठ्या माणसाला पाचशेच्या आठ गोळ्या, ही चोवीस तासांतली शेवटची हद्द. दारू पिणारे, उपाशी, अशक्त यांची हद्द त्याहून कमी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. पाकिटावर नाव वाचा, नाहीतर नकळत दुप्पट होतं.

लेकरांचा डोस वजनावर ठरतो. दहा किलोच्या बाळाला एका वेळी शंभर ते दीडशे मिलिग्रॅम पुरे. थेंबांच्या औषधात बहुधा एका मिलिलिटरमध्येच शंभर मिलिग्रॅम असतं. सिरपचा पाच मिलिलिटरचा चमचा त्या थेंबांनी भरून पाजला, तर बाळाच्या पोटात मोठ्या माणसाची अख्खी गोळी जाते! बाटलीबरोबरचंच माप वापरा.

म्हातारपणी किडनी मंदावते, औषध अंगात जास्त वेळ राहतं. शेजारणीची साखरेची गोळी सासूबाईंना दिली, तर साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते, शुद्धही जाऊ शकते.

तेव्हा मैत्रिणींनो, घरातली सगळी पाकिटं एका डब्यात ठेवा. दवाखान्यात जाताना तो डबाच बरोबर न्या. काय चालू आहे ते डॉक्टरांना दिसलं, तरच डोस नीट ठरतो.